नाइटिंगेलबाई व त्यांचा जाहीर सत्कार

आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या कानांवर फ्लॉरेन्स नाइटिंगेल हें नांव आलेलें असेल. दरसाल मे महिन्याच्या १२ तारखेस, म्हणजे ह्या बाईंच्या जन्मदिवशीं, परिचारिका दिन पाळण्यांत येतो. त्या दिवशीं दवाखान्यांतून दिवे लावितात, नर्सबाईंस हार व नारळ देतात, कोठें शालही पांघरवितात, भाषणें होतात, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं सर्व मंडळी आपापल्या कामास लागते. आमच्या मंडळ्यांतील पुष्कळ कन्या ह्या पेशांत आहेत; तेव्हां ह्या मानाचा कांहीं वांटा आमच्याही घरीं येतो. सन २०२० च्या मार्च महिन्याच्या २२ तारखेस सायंकाळीं पांच वाजतां आपल्या देशांत घरोघरीं लोकांनीं टाळ्या व थाळ्या वाजविल्या, हें वाचकांस आठवत असेलच. करोनाच्या सांथींत झटणाऱ्या डॉक्टर, नर्स, आशा सेविका व सफाई कामगार ह्यांच्याविषयींच्या कृतज्ञतेचा तो नाद होता. मे महिन्याच्या ३ तारखेस हेलिकॉप्टरांतून दवाखान्यांवर फुलेंही टाकिलीं. पुढें २०२१ च्या जून महिन्यांत महाराष्ट्रांतील आशा सेविकांस मानधन वाढवून मिळावें म्हणून संप करावा लागला. आणि २०२२ च्या मे महिन्यांत जागतिक आरोग्य संघटनेनें भारतांतील आशा सेविकांचा जाहीर गौरव केला.

तर अशा जाहीर सन्मानाला कांहीं अर्थ आहे काय? ज्याचा सन्मान होतो त्याचें त्यांत कांहीं हित आहे काय? कीं टाळी वाजविणाराचेंच मन तेवढें हलकें होतें? ह्या प्रश्नाचा विचार करितांना आम्हांस नाइटिंगेलबाईंचें चरित्र फार उपयोगी वाटलें. आजाऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्या कोणाही बाईची त्यांच्यापूर्वीं इतकी स्तुति झाली नसेल, आणि त्या स्तुतीचें करावयाचें काय, ह्याचा त्यांच्याइतका विचारही कोणी केला नसेल.

फ्लॉरेन्सचा जन्म सन १८२० सालीं इटली देशांतील फ्लॉरेन्स शहरीं झाला, व त्या शहराचेंच नांव मुलीस ठेविलें. बाप विल्यम नाइटिंगेल हे सुखवस्तु इंग्रज गृहस्थ होते. डर्बीशायर परगण्यांत ली हर्स्ट व हॅंपशायर परगण्यांत एंब्ली अशीं त्यांचीं दोन मोठीं घरें होतीं. पुत्रसंतान नव्हतें, पार्थिनोपी व फ्लॉरेन्स ह्या दोनच मुली. बापानें स्वतः त्यांस लॅटिन, ग्रीक, इतिहास इत्यादि विषय शिकविले. त्या काळीं मुलींस इतकी विद्या देण्याची रीत त्या देशांतही नव्हती. फ्लॉरेन्सचा विशेष जीव गणितावर होता, आणि ती आवड पुढें किती कामास आली हें वाचकांस दिसून येईल.

सन १८३७ च्या फेब्रुवारी महिन्यांत, वय अवघें सोळा वर्षांचें असतां, देवानें आपणांस त्याच्या सेवेस बोलाविलें आहे अशी तिच्या मनाची खातरी झाली. सेवा कोणती, हें मात्र तेव्हां कळलें नाहीं. घराच्या आसपासच्या गोरगरिबांच्या आजारांत त्यांच्यापाशीं बसतां बसतां तें हळूहळू उमगलें. १८४५ सालीं तिनें घरांत गोष्ट काढिली कीं, सॉल्सबरी येथील दवाखान्यांत राहून शुश्रूषेचें काम शिकावें असें आपल्या मनांत आहे. घरावर जणूं वीज पडली. त्या काळच्या इंग्लंडांत दवाखान्यांतील नर्स म्हणजे दारू पिणारी, अडाणी व हलक्या चालीची बाई असा लोकांचा समज होता. आपल्याकडे सुईणीची जी स्थिति असे, म्हणजे अडल्या वेळीं सर्वांस ती हवी, पण एरवीं तिच्या हातचें पाणी कोणी घ्यावयाचें नाहीं, तसाच कांहींसा तो प्रकार होता. आईबापांनीं साफ नकार दिला. पुढचीं कित्येक वर्षें फ्लॉरेन्सनें पाहुणे, मेजवान्या व भरतकाम ह्यांत कंठिलीं, आणि पहांटे उठून दवाखान्यांचे छापील अहवाल वाचिले. रिचर्ड मंक्टन मिल्न्स ह्या थोर घराण्यांतील विद्वान गृहस्थानें तिला मागणी घातली होती. त्याच्याविषयीं आदर असूनही तिनें ती नाकारिली.

अखेरीस वाट सांपडली ती जर्मनींत. ऱ्हाइन नदीच्या कांठीं कायझर्सवर्थ नांवाचें लहानसें गांव आहे. तेथें थिओडोर फ्लीडनर नांवाच्या प्रॉटेस्टंट पाळकानें सन १८३६ सालीं सेविकांची एक संस्था काढिली होती. मंडळींतील साध्या घरच्या मुलींनीं आजाऱ्यांची सेवा करण्यास शिकावें, व तें काम प्रभूचें म्हणून करावें, असा तिचा हेतु. फ्लॉरेन्सबाईंनीं १८५० सालीं ती पाहिली व पुढच्या सालीं सुमारें तीन महिने तेथें राहून काम शिकल्या. आमच्या उपदेशक बंधूंनीं येथें रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायांतील फीबी हिची आठवण करावी. किंख्रिया येथील मंडळीच्या ह्या सेविकेची प्रेषितानें मोठी वाखाणणी केली आहे. तथापि तेवढ्यावर तो थांबला नाहीं. तिला ज्या गोष्टीची गरज पडेल तींत तिला साह्य करा, अशी त्यानें रोमच्या मंडळीस विनंति केली. त्या वाखाणणीचें खरें वजन ह्या विनंतींत आहे, असें आम्हांस वाटतें.

१८५३ सालीं लंडनांत हार्ली रस्त्यावरील आजारी स्त्रियांच्या एका लहान दवाखान्याची व्यवस्था बाईंकडे आली. बापाचा राग तोंवर निवळला होता, व त्यांनीं मुलीस सालीना ५०० पौंड बांधून दिले. त्यामुळें बाईंस पगाराची गरज पडली नाहीं. हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे; कारण विनावेतन सेवेची जी थोरवी लोक गातात ती बहुधा ज्यांच्या घरीं भाकरीची सोय असते त्यांनाच परवडते.

पुढच्याच सालीं युद्ध उभें राहिलें. रशियाविरुद्ध इंग्लंड, फ्रान्स व तुर्कस्थान असा तो सामना होता. लढाई काळ्या समुद्रांतील क्रिमिया द्वीपकल्पांत चाले, आणि जखमी व आजारी इंग्रज शिपायांस जहाजांत घालून समुद्रापलीकडे कॉन्स्टॅंटिनोपल, म्हणजे हल्लींचें इस्तंबूल, ह्यासमोरील स्कुटारी येथें आणीत. तेथें तुर्की फौजेची एक अवाढव्य बराक दवाखाना म्हणून मिळाली होती. कित्येक वाटेंतच मरत. जे पोहोंचत त्यांस ना धड अंथरूण मिळे, ना धुतलेला सदरा, ना पुरेशा पट्ट्या. लंडनच्या टाइम्स पत्राच्या बातमीदारांनीं हें सर्व लिहून पाठविलें. पूर्वींच्या युद्धांतही गरीब शिपाई असेच मेले होते. फरक इतकाच कीं, ह्या वेळीं तें लोकांस घरीं बसून वाचावयास मिळालें. युद्धखात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट हे बाईंचे स्नेही होते. त्यांनीं बाईंस नर्सांची तुकडी घेऊन जाण्याविषयीं पत्र लिहिलें, तों बाईंनींही तशाच अर्थाचें पत्र इकडून धाडिलें होतें. ऑक्टोबरच्या २१ तारखेस ३८ स्त्रियांस घेऊन बाई निघाल्या, व १८५४ च्या नोव्हेंबरच्या ४ तारखेस स्कुटारीस पोहोंचल्या. त्या ३८ जणींत चौदा जणी दवाखान्यांत काम केलेल्या, दहा रोमन कॅथॉलिक भगिनी, व बाकीच्या इंग्लंडच्या मंडळींतील सेविका होत्या. ह्यावरून मायदेशीं वर्तमानपत्रांत मोठें काहूर उठलें. कोणी म्हणत बाई गुप्तपणें रोमच्या बाजूच्या, कोणी आणखी कांहीं म्हणत. मरणाऱ्या शिपायाचा मळ कोण धूत आहे ह्यापेक्षां धुणारी कोणत्या पंथाची आहे ह्याची चिंता करणारे लोक आपल्याकडेच आहेत असें नाहीं.

लष्करी डॉक्टरांस ह्या बायका नको होत्या. त्यांची आज्ञा झाल्यावांचून एकाही नर्सनें वॉर्डांत पाऊल घालूं नये, असा बाईंनीं सक्त नियम केला, व आपल्या बायकांस जुनीं कापडें निवडण्यास व पट्ट्या शिवण्यास बसविलें. लवकरच जखमींचे लोंढे येऊं लागले, व डॉक्टरांस साह्य मागणें भाग पडलें. टाइम्स पत्रानें वर्गणी करून जमविलेला पैसा बाईंच्या हातीं होता. त्यांतून त्यांनीं सदरे, टॉवेल, साबण, थाळ्या, चमचे, घांसण्याचे ब्रश असलें सामान बाजारांतून आणविलें. एक घर भाड्यानें घेऊन त्यांत पाणी तापविण्याचे हंडे बसविले, व शिपायांच्या बायकांस मजुरी देऊन धुणें सुरू केलें. आजाऱ्यांस पचेल असें अन्न शिजविण्याची निराळी चूल मांडिली. रात्रीं सर्व निजानीज झाल्यावर बाई हातीं कंदील घेऊन त्या बराकीच्या ओसऱ्यांतून फिरत. खाटांच्या रांगा मोजल्या तर चार मैल होत असें सांगतात. सन १८५५ च्या फेब्रुवारींत लंडनच्या एका सचित्र पत्रानें त्या फेरीचें चित्र छापिलें, आणि त्या दिवसापासून आजपर्यंत लोकांच्या डोळ्यांपुढें ती दिवेवाली बाईच उभी आहे. खरा कंदील तुर्की तऱ्हेचा, घडीचा होता. चित्रकारांनीं पुढें त्याची डौलदार पणती केली.

परंतु त्या चित्रांत एक गोष्ट दिसत नाहीं. ज्या महिन्यांत तें छापलें त्याच महिन्यांत स्कुटारीस मरणाचा कहर चालला होता. शेंकडा ४२ रोगी मरत होते. बाईंनीं अन्न दिलें, कपडे दिले, मरणाऱ्यांची पत्रें त्यांच्या आयांस लिहिलीं. तरी मरण हटेना. ती बराक गटारांच्या वर उभी होती. मोऱ्या तुंबलेल्या, हवा कोंडलेली, आणि पिण्याचें पाणी ज्या वाटेनें येई तींत मेलेलें जनावर कुजत पडलेलें. मार्च महिन्यांत सरकारनें पाठविलेलें स्वच्छतेचें कमिशन आलें. त्यांनीं मोऱ्या धुवून काढविल्या, घाणीच्या गाड्याच्या गाड्या उपसविल्या, खिडक्या उघडविल्या, भिंतींस चुना दिला. जून अखेर मृत्यूचें प्रमाण शेंकडा दोनवर आलें.

इकडे इंग्लंडांत स्तुतीचा पूर आला होता. बाईंवर गाणीं रचून तीं रस्त्यांतून गाऊं लागले. चिनी मातीच्या त्यांच्या मूर्ति करून विकूं लागले. नव्या जन्मलेल्या मुलींस फ्लॉरेन्स हें नांव ठेवूं लागले. बाईंचा खरा चेहरा पुष्कळांस ठाऊकही नव्हता, त्यामुळें चित्रांत कोणाचेंही तोंड काढीत. राणी व्हिक्टोरिया हिनें आपल्या पतीनें रेखाटलेला एक जडावाचा अलंकार पाठविला. आणि १८५५ च्या नोव्हेंबरच्या २९ तारखेस लंडनांत मोठी जाहीर सभा भरून बाईंच्या नांवें फंड उघडला गेला. नर्सांस शिक्षण देण्यासाठीं ह्या पैशाचा उपयोग बाईंनीं करावा असें ठरलें. पलटणींतील पुष्कळ शिपायांनीं एक दिवसाचा पगार त्यांत दिला. फंड सुमारें ४४,००० पौंडांवर गेला. गाणीं, मूर्ति व अलंकार ह्या सर्वांपेक्षां त्या एक दिवसाच्या पगाराची किंमत आम्हांस अधिक वाटते. ज्यानें दिला तो स्वतः खाटेवर पडला होता, किंवा त्याचा सोबती पडला होता. आणि दुसऱ्या कोणा अनोळखी माणसाच्या उशाशीं शिकलेली नर्स असावी म्हणून त्यानें दिला. शुभवर्तमानांतील शोमरोन्यानें उतारशाळेच्या रक्षकाची स्तुति केल्याचें कोठें लिहिलेलें नाहीं. त्यानें त्याच्या हातीं पैसे ठेविले व अधिक खर्च झाल्यास परत येतेवेळीं देऊं म्हणून कबूल केलें. जखमी मनुष्य पुढें त्या रक्षकाच्याच हवालीं होता, ही गोष्ट आम्ही उपदेश करितांना बहुधा विसरतों.

बाईंनीं फंड स्वीकारिला, परंतु सध्यां हातीं काम आहे, शाळा केव्हां व कशी काढावयाची हें आपण ठरवूं, अशी अट घातली. १८५५ च्या मे महिन्यांत त्या क्रिमियांत गेल्या असतां त्यांस भारी ताप आला होता, व त्या मरणाच्या दारीं जाऊन आल्या होत्या. त्या तापाचें दुखणें त्यांच्या अंगांत पुढें कित्येक वर्षें राहिलें.

युद्ध संपलें. १८५६ च्या जुलैच्या अखेरीस बाई निघाल्या, तेव्हां इंग्लंडांत त्यांच्या स्वागताची मोठी तयारी चालली होती. पलटणींचे बॅंड वाजवावयाचे, कमानी उभारावयाच्या, गाडीचे घोडे सोडून लोकांनीं ती ओढावयाची, असे नाना बेत होते. सरकारनें युद्धनौकेंतून आणण्याची तयारी दाखविली, ती बाईंनीं नाकारिली. आपल्या आत्येबरोबर त्या मिस स्मिथ ह्या नांवानें साध्या उतारूप्रमाणें आल्या. लंडनांत एका भगिनींच्या मठांत थोडा वेळ थांबून त्यांनीं आगगाडी धरिली, स्टेशनावरून एकट्याच पायीं चालत गेल्या, आणि ऑगस्टच्या ७ तारखेस ली हर्स्टच्या दारांत उभ्या राहिल्या. सर्व देश वाट पाहत असतां कोणास कळलेंही नाहीं.

ह्यास लोकांनीं बाईंचा विनय म्हटलें. विनय होताच; पण तेवढेंच कारण असावें असें आम्हांस वाटत नाहीं. ज्यांच्या उशाशीं बसलों ते हजारो शिपाई स्कुटारीच्या मातींत पडले आहेत, आणि त्यांच्या मरणाचें कारण अद्यापि कोणी सांगितलेलें नाहीं, हा विचार त्यांस सोडीत नव्हता. त्यांनीं कमानीखालून मिरवावें कसें? त्या सप्टेंबरांतच राणीस भेटल्या, आणि लष्करांतील आरोग्याची चौकशी करण्यासाठीं कमिशन नेमावें असा हट्ट धरिला. मंत्र्यांनीं टाळाटाळ केली. परंतु ज्या बाईचें नांव घरोघरीं झालें आहे तिनें आपली माहिती उघड छापली तर काय होईल, ह्याचा त्यांस धाक होता. १८५७ सालीं कमिशन नेमलें. येथें लोकांच्या टाळ्यांचा खरा उपयोग झाला. स्तुति ही हुंडी आहे; ती पेटींत जपून ठेविली तर नुसता कागद. बाईंनीं ती वेळीं वटविली.

त्याच वर्षीं विल्यम फार नांवाच्या आंकडेशास्त्र जाणणाऱ्या डॉक्टराच्या साह्यानें त्यांनीं युद्धांतील मृत्यूंचे आंकडे मांडिले. लहानपणचें गणित आतां कामास आलें. जखमांनीं जितके मेले त्यांच्या कित्येक पट रोगांनीं मेले, असें त्यांतून निघालें. आणि त्या हिवाळ्यांत सर्वांत घातक ठिकाण खुद्द स्कुटारीचा दवाखाना होता असेंही निघालें. ज्या ठिकाणच्या सेवेसाठीं सर्व जग टाळ्या वाजवीत होतें त्या ठिकाणाविषयींचा हा हिशेब बाईंनीं आपल्या हातानें लिहिला. त्यांनीं तो लपविला नाहीं. रंगीत वर्तुळांचे नकाशे काढून तो अशा रीतीनें मांडिला कीं, न शिकलेल्या डोळ्यासही कोणत्या महिन्यांत किती जण विनाकारण मेले तें दिसावें. आमच्या मतें बाईंच्या आयुष्यांतील सर्वांत मोठें धैर्य हेंच होय. त्या रात्रींच्या फेऱ्यांपेक्षांही मोठें. त्यानंतर त्यांनीं दिव्याची कीर्ति कधीं उजळली नाहीं. पुढचीं पुष्कळ वर्षें त्या आजारपणामुळें खोलींतच असत, व खाटेवरून काम करीत.

ह्याच युद्धांतील दुसऱ्या एका बाईची हकीकत येथें सांगितली पाहिजे. कारण स्तुतीची हुंडी न वटली म्हणजे काय होतें तें तींत दिसतें. मेरी सीकोल ह्या जमेका बेटांतील किंग्स्टन शहरच्या. आई सांवळ्या वंशाची, झाडपाल्याचीं औषधें जाणणारी. बाप स्कॉटिश शिपाई. पटकी व पीतज्वर ह्यांच्या सांथींत मेरीबाईंनीं पुष्कळांची शुश्रूषा केली होती. लंडनास येऊन त्यांनीं क्रिमियास जाण्यासाठीं अर्ज केले, ते नाकारले गेले. तेव्हां स्वतःच्या पैशानें गेल्या. १८५५ सालीं बालाक्लावाजवळ एक खाणावळवजा दुकान घातलें, तेथें अन्न विकीत व आजारी शिपायांस औषध देत. लढाईच्या मैदानावरही जात. युद्ध अकस्मात् संपलें, माल पडून राहिला, आणि त्या कर्जबाजारी होऊन परत आल्या. १८५७ च्या जुलैंत लंडनच्या एका बागेंत त्यांच्या साह्यार्थ चार दिवस मोठा उत्सव झाला. पलटणींचे बॅंड वाजले, हजारों लोकांनीं त्यांच्या नांवाचा जयघोष केला. परंतु उत्सव करणारी कंपनीच बुडीत निघाली, व बाईंच्या हातीं अगदीं थोडी रक्कम पडली. १८८१ सालीं त्या वारल्या, आणि मग जवळजवळ शंभर वर्षें त्यांचें नांव कोणी घेतलें नाहीं. २०१६ सालीं लंडनांत सेंट टॉमस दवाखान्यासमोर त्यांचा पुतळा उभा राहिला. पुतळा झाला हें बरेंच झालें. परंतु मेरीबाईंस १८५७ सालीं सावकार दारांत असतां जें हवें होतें तें ह्यानें मिळालें असें होत नाहीं.

नाइटिंगेल फंडाचें पुढें काय झालें? १८६० च्या जून महिन्यांत त्याच सेंट टॉमस दवाखान्यांत नर्सांची शाळा उघडली. पहिल्या तुकडींत पंधरा मुली होत्या. त्यांस राहण्यास जागा, जेवण व वर्षाचे १० पौंड मिळत. वर्षभर काम शिकून त्या निरनिराळ्या दवाखान्यांत जात. त्याच सुमारास बाईंनीं शुश्रूषेवर एक लहानसें पुस्तक लिहिलें, व १८६१ सालीं मजूर कुटुंबांसाठीं त्याची स्वस्त आवृत्ति काढिली. मोकळी हवा, स्वच्छ पाणी, मोऱ्या, उजेड, आजाऱ्याच्या खोलींत कुजबूज न करणें, असले त्यांतील विषय. दिव्याची बाई मोरीविषयीं लिहिते हें कित्येकांस रुचलें नसेल.

ह्या शाळेंत शिकलेल्यांपैकीं ॲग्निस जोन्स हिचें नांव आम्ही मुद्दाम घेतों. ही आयर्लंडांतील भाविक प्रॉटेस्टंट घरची मुलगी. हीही कायझर्सवर्थ येथें राहून आली होती. १८६५ सालीं लिव्हरपूल शहरांतील अनाथ कंगालांच्या आश्रमाच्या दवाखान्यांत ती बारा नर्सांस घेऊन गेली. तोंपर्यंत तेथें आजारी कंगालांची शुश्रूषा दुसरे कंगालच करीत, आणि ते पुष्कळदां दारू पिऊन पडलेले असत. सुमारें बाराशें रोगी. ॲग्निस पहांटे उठे व रात्रीं उशिरां निजे. १८६८ च्या फेब्रुवारींत टायफस तापानें ती वारली, वय पस्तीस. तिच्या मृत्यूनंतर नाइटिंगेलबाईंनीं तिच्यावर एक लेख लिहिला. त्यांत शोक आहे, परंतु त्यांतील मुख्य मागणी अशी कीं, तिच्या जागीं काम करावयास आणखी मुलींनीं शिकून यावें. मेलेल्या नर्सचा सन्मान करण्याची दुसरी रीत बाईंस ठाऊक नव्हती. आपल्याकडेही करोनाच्या सांथींत कित्येक नर्स व डॉक्टर मेले. त्यांच्या नांवें प्रार्थना झाल्या, मेणबत्त्या लाविल्या. त्यांच्या रिकाम्या जागा भरल्या कीं नाहीं, हें ज्या त्या गांवानें आपापल्या दवाखान्यांत जाऊन पाहावें.

भारतासाठीं बाईंनीं केलेलें काम आपल्या लोकांस थोडें ठाऊक आहे. त्या ह्या देशांत कधीं आल्या नाहींत. परंतु येथील गोऱ्या पलटणींच्या आरोग्याची चौकशी करणाऱ्या कमिशनसाठीं त्यांनीं प्रत्येक छावणीकडे प्रश्नांचे कागद पाठविले, आणि आलेल्या गाडाभर उत्तरांवरून १८६३ सालच्या अहवालाचा मोठा भाग तयार केला. दर हजार शिपायांमागें सालीना ६९ मरत होते. आणि तेंही लढाईनें नव्हे. पाहतां पाहतां त्यांचें लक्ष छावणीच्या कुंपणाबाहेर गेलें. विहीर, गांवदरी, कालवे, दुष्काळ, सावकाराच्या कचाट्यांतील रयत, ह्यांविषयीं त्या शेवटपर्यंत लिहीत राहिल्या. पुण्याच्या सार्वजनिक सभेशीं त्यांचा पत्रव्यवहार होता, आणि मुंबई इलाख्यांतील खेड्यांच्या स्वच्छतेविषयीं त्यांनीं आस्थेनें लिहिलें. ह्या कामाबद्दल कोणीं कोठें टाळ्या वाजविल्या नाहींत.

बाईंचें सर्वच बरोबर होतें असें आमचें म्हणणें नाहीं. १८८७ नंतर इंग्लंडांतील कांहीं नर्सांनीं सरकारदरबारीं आपली नोंदणी व्हावी म्हणून चळवळ केली, तेव्हां बाई त्याविरुद्ध राहिल्या. परीक्षा देऊन सद्गुण मोजतां येत नाहींत असा त्यांचा आक्षेप होता. आमच्या मतें त्या येथें चुकल्या. ज्या मुलीस बापाचे ५०० पौंड नाहींत तिला कायद्यानें मिळणारा दर्जा हा आधार असतो. इंग्लंडांत तो कायदा पुढें १९१९ सालीं झाला.

म्हातारपणीं पुन्हां सन्मानांनीं बाईंस गांठलें. १८९७ सालीं राणीच्या राज्यारोहणास साठ वर्षें झाल्याच्या उत्सवांत प्रदर्शन होतें. त्यासाठीं क्रिमियांतील त्यांच्या वस्तु मागितल्या, तेव्हां त्या चिडल्याच. शेवटीं त्या वेळची जुनी मोडकी गाडी मांडण्यास दिली. १९०७ सालीं राजा सातवा एडवर्ड ह्यानें त्यांस ऑर्डर ऑफ मेरिट हा मान दिला. तो मिळणारी ही पहिलीच स्त्री. परंतु तोंवर दृष्टि गेली होती व स्मृतिही मंद झाली होती. पदक घरीं आणून द्यावें लागलें. पुढच्या सालीं लंडन शहरानें नागरिकत्वाचा मान दिला, तेव्हां त्याबरोबर द्यावयाच्या सोन्याच्या करंड्याचा पैसा धर्मादाय कामास लावावा अशी त्यांच्या बाजूनें विनंति झाली, व करंडा साध्या लांकडाचा करण्यांत आला.

सन १९१० च्या ऑगस्टच्या १३ तारखेस, वयाच्या नव्वदाव्या वर्षीं, लंडन येथील आपल्या घरीं त्या झोपेंत प्रभूकडे गेल्या. राजेरजवाडे जेथें पुरले आहेत त्या वेस्टमिन्स्टर ॲबींत त्यांस जागा देऊं केली होती. त्यांच्या इच्छेप्रमाणें आप्तांनीं ती नाकारिली. पलटणींतील सहा सार्जंटांनीं शवपेटी खांद्यावर घेऊन ती हॅंपशायरांतील ईस्ट वेलो गांवच्या लहानशा देवळाच्या आवारांत, आईबापांच्या कबरेपाशीं नेली. तेथील दगडावर नांवाचीं दोन आद्याक्षरें व जन्ममृत्यूच्या तारखा कोरलेल्या आहेत.